उंबऱ्यावरचं औषध

१

सकाळी तबकडीतल्या पेशी मेलेल्या निघाल्या आणि दुपारच्या जेवणाआधी डॉक्टरीणबाईंची सून खोटारडी ठरली.

ती भर दुपारी घरी आली तेव्हाच बाईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी दिवेलागणीशिवाय ती प्रयोगशाळा सोडत नसे, आणि घरात पाऊल टाकलं की आधी पसारा कोणी केला याची चौकशी करत असे. आज ती थेट सासूच्या खुर्चीपाशी जमिनीवर येऊन बसली.

बाईंना तिचा चेहरा नीट दिसला नाही. त्यांना नीट असं काहीच दिसत नसे. डावा डोळा हर्पिसच्या विषाणूनं पूर्वीच नेला होता. हा विषाणू कुणाच्या ओठाच्या कोपऱ्यावर पुरळ उठवतो आणि गप पडून राहतो. बाईंच्या बाबतीत तो बुबुळावर चढला, तिथं व्रण झाला, फूल पडलं आणि डोळा गेला. आयुष्यभर लोकांचे डोळे वाचवले त्या बाईंचा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. वर्षभरापूर्वी तोच विषाणू उजव्या डोळ्यात उगवला आणि नेहमीच्या थेंबांना दाद देईना. खिडकी, झाड, रस्त्यावरची माणसं, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं झालं. हाही डोळा गेला तर पुढं काय, हे बाईंना डॉक्टर म्हणून पक्कं ठाऊक होतं. माणूस म्हणून मात्र त्या तो विचार दारातूनच परत पाठवत.

"काय गं राणीसरकार? आज जमिनीवर दरबार?"

"आई, माझी नोकरी गेल्यात जमा आहे."

मग तिनं सांगितलं. संस्थेतलं नवं औषध म्हणजे प्रथिनाचा एक इवला तुकडा. विषाणू पेशीत शिरला की तिथल्याच एका प्रथिनाचा हात धरतो आणि आपली सगळी कामं त्याच्याकडून करून घेतो. चोरानं घरात घुसून घरच्याच स्वयंपाक्याला चुलीपुढं बसवावं, तसं. हा तुकडा विषाणूच्या त्या हातात आपला हात अडकवून ठेवतो. मग स्वयंपाकी हाती लागत नाही आणि चोर उपाशी मरतो. म्हणूनच विषाणू आत शिरून बराच वेळ लोटल्यावर औषध घातलं, तरी पेशी वाचत. सगळा बोलबाला त्या 'नंतर'चा होता, आणि 'नंतर'चे ते सगळे प्रयोग सुनेनं मागेच आपल्या हातानं करून ठेवले होते.

"आता औषध आधी घातलं तर पेशी वाचतात. नंतर घातलं तर एकही वाचत नाही. संचालकसर म्हणाले, 'नंतर' असं कधी काही नव्हतंच, ते निकाल तू मनानं रचलेस. पुढच्या आठवड्यात बाहेरची तज्ज्ञ मंडळी येतायत. त्यांच्यासमोर मी कबूल करायचं आणि चालू पडायचं."

"औषध जुनं झालं असेल."

"जुनं झालं असतं तर आधी घातलेलंही ढिलं पडलं असतं ना? तिथं तर ते जोरात आहे."

बाईंनी टेबलावरची थेंबांची बाटली चाचपली. त्यांची थेंबांची वेळ झाली होती. त्यांनी मान मागं टाकली, सवयीनं एक थेंब डोळ्यात सोडला आणि डोळा मिटून बसल्या. पूर्वी थेंब घातले की घशाशी कडू यायचं. हल्ली येत नसे. वय झालं की जिभेचंही वय होतं, असं म्हणून बाईंनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. बाहेर टेकडीवरचं धुकं यंदा लवकर विरत होतं, तेवढंच बरं वाटत होतं.

डोळा मिटलेलाच ठेवून त्या म्हणाल्या, "बिघडलेलं औषध दोन्हीकडे मार खातं. तुझं हे उंबऱ्यावर पहिलवान आणि घरात मांजर. ते औषध बिघडलेलं नाही गं. नळीत दुसरंच काहीतरी आहे."

२

संस्थेत बाईंना सगळेच ओळखत. संचालक तर त्यांचा विद्यार्थी. एकेकाळी त्यांच्यामागं वही घेऊन फिरायचा, आता त्याच्यामागं माणसं फिरत. बाई सुनेच्या दंडाला धरून आत आल्या तेव्हा तो खुर्चीवरून उठला. तेवढी रीत अजून शिल्लक होती.

"बाई, तुम्ही यात पडू नका. घरचं माणूस आहे, मला समजतं."

"घरचं आहे म्हणूनच पडते. परक्याच्या भानगडीत पडायची हौस कुणाला आहे?"

संचालक हसला नाही. त्याचा आवाज थकलेला होता. त्यानं या औषधावर सगळी भिस्त ठेवली होती, आणि भिस्त ठेवलेला माणूस चिडला की आधी जवळच्यावरच चिडतो. बाईंनी त्याला बोलू दिलं. औषध तयार करतो एकटा रसायनवाला. पेशींवर ते पाहते एकटी सून. नळ्या असतात गोठवणीच्या कपाटात, त्याची किल्ली या दोघांकडे आणि तिसरी स्वतः संचालकाकडे.

"आणि औषध ठीक आहे की नाही हे कसं पाहता?"

"नेमाची तपासणी एकच. औषध आणि विषाणू एकत्र पेशींवर घालायचे. पेशी वाचल्या की नळी पास."

"म्हणजे उंबऱ्यावरचीच तपासणी."

"तेवढी पुरते, बाई. एकेक नळी नंतर घालूनही पाहायची, ते हिचं खूळ."

"खूळ नाही सर," सून पहिल्यांदाच बोलली. "चोर आत शिरल्यावर पहारेकरी काय करतो, ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून मी प्रत्येक नळीला दोन्ही करते. कुणाला सांगत नाही इतकंच."

बाईंनी मान हलवली. सून घरीही तशीच होती. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून पाहायची, आणि बाई तिला त्यावरून चिडवायच्या.

"अगोदर कधी असं झालं होतं?"

सून अडखळली. "एक-दोन तबकड्या अशाच गेल्या होत्या. मग बऱ्या आल्या. मग पुन्हा एक गेली. मला वाटलं, माझाच हात चुकला."

"एकदम नाही, म्हणजे थोडंथोडं."

"हो. आता मात्र कपाटातली एकही नळी 'नंतर'ला चालत नाही."

पेशींच्या खोलीत बाई जरा वेळ नुसत्याच बसून राहिल्या. उबेच्या कपाटाची मंद घरघर चालली होती. पेशींना पोसणाऱ्या गुलाबी पाण्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या; बाईंच्या डोळ्याला त्या उन्हात पिकलेल्या फळांसारख्या दिसत. माणसं पांढऱ्या कोटात येत-जात होती आणि प्रत्येक कोट दारापाशी आला की धुक्यात विरघळून जाई. किती शांत जागा, बाईंच्या मनात आलं. इतक्या शांत जागेत कुणी चोरी करावी तरी कशी?

तेवढ्यात एक कोट विरघळला नाही. तो उंच होता, बारीक होता आणि एका पायावर उभा राहून तो त्यांच्याकडेच पाहत होता.

३

रसायनवाल्याला सगळी संस्था बगळा म्हणे, तो या उभं राहण्यामुळं. बाई त्याला तो एवढासा होता तेव्हापासून ओळखत. खेळताना त्याच्या डोळ्यात काचेचा कण घुसला होता, तो बाईंनी काढला आणि डोळा राखला. तेव्हापासून तो त्यांना मावशी म्हणे. दर रविवारी घरी येई, गळका नळ बघे, थेंबांची बाटली आणून ठेवी, आणि चहा पिऊन निघून जाई. आता बाई उठून त्याच्याकडे निघाल्या.

"मावशी, पायरी आहे, जपून." त्यानं खुर्ची ओढली आणि बाई बसायच्या आत वाकून त्यांच्या उजव्या डोळ्यात पाहिलं. "त्रास कमी आहे ना? लाली उतरल्यासारखी वाटते."

"माझ्या डोळ्याचं राहू दे. तुझ्या औषधाचं सांग. तू बनवलंस, तू भरलंस. नळीत दुसरं काही गेलं कसं?"

"मी भरलं तेव्हा बरोबरच होतं."

"मग हिनं घोटाळा केला?"

"नाही!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडच्या टेबलावरचं कुजबुजणं थांबलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सूनबाईचा यात काही दोष नाही. मी शपथेवर सांगतो."

"शपथेवर कसं सांगतोस? तू होतास का तिथं?"

बगळ्यानं पाय बदलला. "तिचा हात मला माहीत आहे, मावशी."

बाईंनी अधिक खोदलं नाही. त्यांनी सुनेला एक नळी उघडायला लावली आणि काचेच्या दोन पट्ट्या मागितल्या. एकीवर नळीतला थेंब, दुसरीवर साधं मिठाचं पाणी. मग त्यांनी सुईनं आपलंच बोट टोचलं आणि दोन्हीकडे रक्ताचा एकेक थेंब मिसळला.

"आई, हे काय चाललंय?"

"गंमत. बस."

सगळे बसले. खोलीत कपाटाची घरघर तेवढी उरली. बाईंना क्षणभर डुलकीच लागली, आणि त्या डुलकीत कुणीतरी दारावर टकटक करत होतं, दार उघडत नव्हतं. जाग आली तेव्हा त्यांनी सुईचं टोक मिठाच्या पाण्यातल्या थेंबातून ओढलं. रक्त गोठलं होतं. लालसर तंतू सुईला चिकटून आला. दुसऱ्या पट्टीतून सुई पुन्हापुन्हा ओढली. काही लागलं नाही. पट्टी तिरकी केली तसं रक्त पाण्यासारखं पळालं आणि टेबलावर ठिबकलं.

"हेपरिन," बाई म्हणाल्या.

रक्त गोठू न देणारं साधं औषध. कुठल्याही दवाखान्यात मिळेल असं. पण या खोलीतल्या लोकांना त्याचा आणखी एक गुण माहीत होता. पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या लोंबत असतात, आणि हर्पिसचा विषाणू आत शिरायच्या आधी त्या साखळ्यांना लटकतो. हेपरिन दिसायला हुबेहूब त्या साखळ्यांसारखं. विषाणू फसतो, हेपरिनलाच मिठी मारून बसतो आणि दारातच राहतो. एकदा आत गेला की मात्र हेपरिन त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही.

"म्हणजे ज्यानं नळ्या बदलल्या, त्याला नेमाची तपासणी ठाऊक होती," बाई सावकाश म्हणाल्या. "ती हेपरिनवरही पास होते. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. आमच्या राणीसरकारांना कुलूप दोनदा ओढायची सवय आहे."

सुनेनं सुटकेचा निःश्वास टाकला. आता सगळं मिटलं, असं तिला वाटलं. दारात संचालक उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि त्याला काही मिटल्यासारखं वाटत नव्हतं.

४

"बाई, तुम्ही तर तिच्या गळ्यातला फास आवळलात," संचालक म्हणाला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. नळ्यांत हेपरिन आहे ना? मग ते पहिल्यापासूनच असेल. बगळ्यानं बनवलेला तुकडा कधी चाललाच नसेल. तो चालतो असं दिसावं म्हणून हिनंच हेपरिन घातलं, 'नंतर'चे निकाल मनानं लिहिले, आणि आता मंडळी येणार म्हटल्यावर घाबरून आपणच बोंब मारली.

"खरं औषध 'नंतर'ला चालतं, हे मला कुणी करून दाखवावं. मी तिची माफी मागेन. पण खरं औषध आहे कुठं? नवं करायला बगळ्याला काही महिने लागतात. मंडळी त्याच्या आत येतायत."

घरी येताना सून रडली नाही, पण दरवाजाला आतून कुलूप लावून एकदाही ओढून न पाहता ती खोलीत निघून गेली, तेव्हा बाईंनीच जाऊन ते ओढून पाहिलं. पोरगी कुलपावरचा विश्वास घालवून बसली होती. मुलगा दूर जहाजावर. घरात या दोघीच. भांडायला तीच, हात धरायलाही तीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई खिडकीत बसल्या. विचार करायची त्यांची एकच पद्धत होती. अर्धवट झोपायचं. जागेपणी माणसं फार बोलतात. डुलकीत आली की खरं तेवढंच बोलतात. आधी संचालक आला. त्यानं चोरी केली असती तर तपासणीला मंडळी कशाला बोलावली असती? स्वतःच्या घराला आग लावून बंब बोलावणारा माणूस तो नव्हे. मग सून आली. ती लबाड असती तर गप्प बसली असती. नेमाची तपासणी पास होत होती, कुणी विचारलंही नसतं. आपणच जाऊन सांगणारी पोर लबाड कशी? मग बगळा आला आणि एका पायावर उभा राहिला, तो काही बोलेचना.

थोडंथोडं, बाईंच्या मनात पुन्हा आलं. विकायला नेणारा चोर एकदम नेतो. थोडंथोडं नेणारा वापरायला नेतो. पण असं औषध, जे अजून कुठल्या जनावरालाही धड दिलेलं नाही, ते कुणी वापरावं कशावर? त्याचा उपयोग एकच. हर्पिसनं खाल्लेला डोळा.

थेंबांची वेळ झाली. बाईंनी मान मागं टाकली, थेंब सोडला आणि घशाशी कडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. त्यांनी वाटीतली साखर चिमूटभर जिभेवर ठेवली. गोड लागली. कॉफीची पूड चाटली. कडूजहर लागली. जीभ ठणठणीत होती.

मग त्यांनी डोळा उघडला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे त्यांना दिसले. आपल्याला काटे दिसतायत हे बाईंना कळायला जरा वेळ गेला. गेल्या ऋतूत ते घड्याळ नुसता पांढरा चंद्र होतं. खिडकीबाहेर धुकं विरलंय म्हणून त्या खूश होत्या. त्यांनी सुनेला हाक मारली.

"अगं, आज बाहेर धुकं आहे का?"

"आहे की. रोजच आहे. यंदा हटायचं नावच नाही. का हो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण घट्ट बसवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोरीचा माल शोधत त्या संस्थाभर फिरल्या, आणि माल त्यांच्या बुबुळावर होता.

५

रविवारी बगळा आला तेव्हा सून बाजारात गेली होती. त्यानं सवयीनं आधी नळ पाहिला, मग खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ही शेवटची, मावशी. यानंतर थोडा खंड पडेल."

"पडणारच. कपाट रिकामं झालं ना."

बगळा दोन्ही पायांवर उभा राहिला. बाईंनी त्याला तसं उभं राहिलेलं प्रथमच पाहिलं, आणि पाहिलं ते चांगलं स्पष्ट पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बस," बाई म्हणाल्या. "तू काय केलंस ते मला माहीत आहे. का केलंस तेही माहीत आहे. मला फक्त एक विचारायचंय. तुझ्या डोळ्यात काच गेली होती तेव्हा मी तुझ्या डोळ्यात सुई घातली. त्याआधी काय केलं होतं मी? आठवतं?"

"विचारलं होतं." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "तुम्ही मला विचारलं होतं, घालू का म्हणून. बाबा म्हणाले, त्याला काय विचारता. तर तुम्ही म्हणालात, डोळा त्याचा आहे."

"मग माझा डोळा कुणाचा होता रे?"

बगळा मटकन खाली बसला.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारायचं असतं, शहाण्या! ते औषध डोळ्याला खाऊन टाकणारं निघालं असतं तर? उंदीर समजलास का मला?" बाईंचा राग खरा होता आणि तो बाहेर पडून गेला. मग त्या हळू म्हणाल्या, "मला घड्याळाचे काटे दिसायला लागलेत."

बगळा रडला. एवढा उंच माणूस रडताना फार अवघडल्यासारखा दिसतो. मी नवं बनवून नळ्या गुपचूप भरून टाकणार होतो, तो म्हणाला. सूनबाई प्रत्येक नळीच्या दोन्ही तपासण्या करते हे मला माहीतच नव्हतं. तिच्यावर आळ आला त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की थेंब बंद, आणि थेंब बंद झाले की व्रण पुन्हा पसरणार. एवढी बाटली संपू दे, मग सांगू, असं रोज म्हणत राहिलो.

"आणि तोवर माझी सून खोटारडी ठरत राहिली."

"हो."

बाईंनी टेबलावरची बाटली उचलली. ती भरलेली होती. त्यांनी ती डोळ्याजवळ धरली, उजेडात फिरवली. पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी आत हलत होतं. जगात खरं औषध उरलं होतं ते एवढंच.

"यात 'नंतर'ची तपासणी नीट होईल? तबकडीतले सगळे खण, पुन्हापुन्हा, कुणी बोट दाखवणार नाही अशी?"

बगळ्याला प्रश्न कळला आणि तो उठून उभा राहिला. "होईल. पण काही उरणार नाही. मावशी, ही घरी ठेवा. मी उद्या सगळं कबूल करतो. माझ्या कबुलीवर सूनबाई सुटेल."

"नाही सुटणार. तुझा साहेब म्हणेल, हा जुना ऋणी, बाईंसाठी खोटं बोलतोय. बोलण्यानं माणूस सुटत नाही. पेशी जगल्या तर सुटतो."

"आणि तुमचा डोळा?"

बाई घाबरल्या होत्या. अंधार कसा असतो हे त्यांना डाव्या बाजूला रोज दिसत होतं, आणि आता तो उजवीकडेही येणार होता. त्यांनी बाटली मुठीत गच्च धरली. खूप वेळ धरली. बाहेर फाटक वाजलं, सुनेची पावलं आली, तेव्हा त्यांनी ती बगळ्याच्या हातात दिली आणि पटकन पाठ फिरवली.

६

बगळ्यानं संचालकाच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. बाई बरोबर होत्या. संचालकानं त्यांच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला खात्री आहे?"

"मला खात्री असून काय उपयोग? तुझी होऊ दे."

तपासणी सुनेच्याच हातून व्हायची होती, कारण शंका तिच्याच हातावर होती. पण कुठल्या खणात खरं औषध, कुठल्यात हेपरिन आणि कुठल्यात नुसतं पाणी, हे फक्त संचालकाला ठाऊक. बगळ्यानं बाटलीतलं औषध गाळून साध्या नळ्यांत भरलं. औषध कुठून मिळालं, हे सुनेला निकालापर्यंत सांगायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तिनं एकदा विचारलं, तर संचालक म्हणाला, "सापडलं. काम कर."

तिनं काम केलं. आधी विषाणू घातला. तो आत शिरून स्थिरावेपर्यंत ती हातमोजे घालून तशीच बसून राहिली. मग एकेका खणात एकेक नळी रिकामी केली आणि तबकडी उबेच्या कपाटात ठेवली. कपाटाचं दार लावलं. बाई बाजूलाच होत्या. सुनेनं ते दार दोनदा ओढून पाहिलेलं त्यांनी ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं.

मधले दिवस बाई खिडकीत बसून होत्या. सून काळजीनं जेवत नव्हती आणि बाई तिला जेव म्हणून ओरडत होत्या. घड्याळाचे काटे पहिल्या दिवशी होते. मग एक काटा गेला. मग दोन्ही गेले. डोळ्यात कुणीतरी वाळू ठेवल्यासारखं खुपू लागलं. बाईंनी यातलं काही बोलून दाखवलं नाही. सून विचारी तेव्हा त्या नेहमीच्या थेंबांची जुनी बाटली उघडून दाखवत, आणि घशाशी कडू आलं की तोंड वेडंवाकडं करत.

तबकडी उघडायच्या दिवशी संचालक, बगळा, बाई, सगळेच पेशींच्या खोलीत होते. सुनेनं सूक्ष्मदर्शकाखाली तबकडी सरकवली. एक खण पाहिला. दुसरा पाहिला. बगळा या पायावरून त्या पायावर होत राहिला. ती शेवटच्या खणापर्यंत गेली, मग परत पहिल्यावर आली आणि सगळं पुन्हा एकदा पाहिलं.

"या ओळीतल्या जिवंत आहेत," ती म्हणाली. "पूर्ण ओळ. बाकी सगळ्या मेल्यात. सर, या ओळीत काय होतं?"

संचालकानं उत्तर द्यायच्या आधी स्वतः वाकून पाहिलं. मग तो सरळ झाला. "खरं औषध होतं. नंतर घातलेलं." तो सुनेकडे वळला. "मी चुकलो. सगळ्यांच्या समोर तुला बोललो, तेव्हा सगळ्यांच्या समोरच माफी मागतो."

सून हसली आणि त्याच क्षणी तिला रडू फुटलं. तिनं सासूला मिठी मारली, बगळ्याचा हात धरून हलवला. "पण हे सापडलं कुठं? सांगा ना आता!"

बगळ्यानं खाली पाहिलं. संचालकानं बाईंकडे पाहिलं. सुनेनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी ती सासूच्या डोळ्यावर येऊन थांबली. लाल झालेला, पाणावलेला, कडेनं पांढुरका झालेला डोळा. ती रोज पेशी पाहणारी मुलगी होती. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"तुमचे थेंब," ती म्हणाली. "रविवारची बाटली. आई, ते तुमचे थेंब होते."

"मला बघू दे," बाई म्हणाल्या, आणि चाचपडत सूक्ष्मदर्शकाशी येऊन बसल्या. बगळ्यानं भिंग फिरवून दिलं. धुक्याच्या तळाशी उजेडाचं एक वर्तुळ उघडलं. त्यात पेशी एकमेकींना खेटून, अंग पसरून, आपापल्या जागी शांत पडल्या होत्या. एकही आक्रसलेली नव्हती. कडा पुसट होत्या, पण दिसत होत्या. बाईंना त्या एकेक दिसत होत्या.

"मला का नाही सांगितलंत?" सून मागून म्हणाली. "सांगितलं असतंत तर मी ते तबकडीत ओतलं असतं का?"

"नसतंस. म्हणून तर."

"बगळ्यानं तुम्हाला विचारलं नाही म्हणून त्याला बोललात असाल. आणि तुम्ही? तुम्ही मला विचारलंत का? त्याच्यात आणि तुमच्यात मग फरक काय उरला?"

बाईंनी डोळा भिंगावरून काढला नाही. त्यांनी हात मागं केला, सुनेचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "माझं अजून बघून झालेलं नाही."